तीन वार

सकाळी आठ सत्तेचाळीसला फोन वाजतो.
मी सावाको, ग्राहक कक्ष, टोकियो, सातवा मजला.
हे संभाषण नोंदवलं जात आहे, असं सांगते
आणि पलीकडून आधी समुद्रपक्षी ओरडतात,
मग माणूस.

तोगाशी. साकाता बंदर.
माकुळांच्या लिलावात पुकारा करतात, एकतीस वर्षं.
आवाज तसाच, घोगरा, मिठात मुरलेला.
"माझे पेसो कुठं गेले?"

मेक्सिको त्यांनी पाहिलेला नाही.
रोज रात्री थोडं व्याज पडतं, एवढंच ठाऊक,
गळक्या नळाखाली बादली ठेवावी
आणि सकाळी उठून बघावं, किती साठलं.
दहा लाख येन त्यांचे होते.
त्यावर आम्ही दोन कोटींचा सौदा उभा करून दिला.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
इथं अंथरूण त्यांचं,
पाय आम्ही भाड्यानं दिलेले.

मी समजावते. ते माझं काम आहे.
भाव शंभराला तीन घसरला
की दोन कोटींतले सहा लाख जातात,
आणि ते आमच्या वाट्यातून जात नाहीत.
तुमचे जातात. आधी तुमचेच.
अनामत लागते आठ लाखांच्या आसपास,
तुमचे उरले चार. निम्मे.
निम्म्याच्या खाली गेलं की यंत्र विकून टाकतं.
विचारत नाही.

"विचारत नाही?"
सहा बाराला ईमेल पाठवला होता, सर.

सहा बाराला त्यांचे हात बर्फात होते,
फोन खुंटीवरच्या कोरड्या कोटात.
त्या घटकेला न्यूयॉर्कनं दिवे मालवलेले असतात,
टोकियोनं अजून तोंड धुतलेलं नसतं,
घेणारा औषधालाही सापडत नाही.
कुणीतरी मोठं काही विकलं, भाव घसरला,
त्यानं एकाची अनामत आटली, यंत्रानं त्याचं विकलं,
त्या विकण्यानं भाव आणखी घसरला,
म्हणून दुसऱ्याचं, म्हणून तिसरीचं,
ओसाकातल्या एका दंतवैद्याचं,
आणि सहा एकोणीसला तोगाशींचं.
विकायचं होतं सव्वातीन टक्क्यांवर,
गिऱ्हाईक भेटलं साडेपाचावर.
दहा लाखांतले अकरा लाख गेले.

हे वाक्य मी रोज म्हणते, तरी अडखळते.
शिल्लक, उणे एक लाख.

ते गप्प. मागं कुणीतरी खोकी ओढतंय.
"आता भाव काय आहे?"
हे विचारू नये असं मला दर वेळी वाटतं
आणि दर वेळी विचारतात.
आठ वाजेपर्यंत भाव जागेवर आला होता.
कालच्यापेक्षा किंचित वरच.

"म्हणजे माझा अंदाज बरोबर होता."
बरोबर होता, सर.
फक्त तो बरोबर ठरला तेव्हा तुम्ही तिथं नव्हतात.
(हे दुसरं वाक्य मी गिळते. नोंद होतेय.)

"बाई, वास यायला लागलेलं खोकंसुद्धा
मी तीनदा पुकारतो.
एक वार. दोन वार.
मधे थांबतो. तेवढ्यात कुणाचा तरी हात वर येतो,
कीव येऊन का होईना.
कुणी घेतलं ते टोपीवरच्या नंबरावरून कळतं.
माझं कुणी घेतलं?"

मी पडद्यावर शोधते.
वेळ आहे, भाव आहे, अठरा आकडी सौदा क्रमांक आहे.
घेणाऱ्याच्या नावाला रकानाच नाही.

लाख कधीपर्यंत भरायचे ते पत्रानं कळेल, मी म्हणते.
ते हो म्हणतात. फोन बंद करायला विसरतात बहुधा,
कारण मला ऐकू येत राहतं,
रबरी बूट, ओली फरशी,
उशिरा लागलेल्या कुठल्याशा होडीची घंटा,
आणि तोच आवाज, आता मोठा, कामावरचा:
एक वार.

माझ्या समोर दुसऱ्या लाइनचा लाल दिवा लागलाय.
मी दोन वार होईपर्यंत थांबते.